देवळाची किल्ली शेटजींकडे होती

वर्ध्यात गावाच्या भल्याविषयी चार माणसं बोलायला बसली की थोड्याच वेळात जमनालाल बजाजांचं नाव निघतं, आणि नाव निघालं की चर्चा तिथेच थांबते. सेवाग्रामच्या दिशेने हात जोडले जातात, ‘आता तसे शेटजी राहिले नाहीत’ असं कुणीतरी म्हणतं आणि चहा येतो. खाली ज्या दोघांचं बोलणं दिलं आहे ते त्या नावापाशी थांबले नाहीत, उलट तिथूनच भांडायला लागले, म्हणून ते लिहून काढावंसं वाटलं.

एक आहेत सर. वाणिज्य शिकवण्यात त्यांचं आयुष्य गेलं. वर्ध्याच्या बाजारात खतावण्या लिहिणारी बरीच मंडळी त्यांच्या हाताखालून गेलेली. दुसऱ्या त्यांच्याच जुन्या विद्यार्थिनी. हिंगणघाटकडे वडिलांचं जिनिंग आता त्या चालवतात. त्यांना ताई म्हणू. नवल असं की व्यापाऱ्यांनी शहराचं पुढारपण घ्यावं हा आग्रह मास्तरांचा, आणि घेऊ नये हा हट्ट व्यापाऱ्याचा.

“मला एक सांग,” सरांनी सुरुवात केली, “जिल्ह्यात एवढे जिनिंगवाले, दालमिलवाले, देवळीच्या एमआयडीसीतले लोखंडवाले. गावाच्या कुठल्या बैठकीला यांच्यापैकी कोण दिसतो? गणपतीची वर्गणी देतील, मोक्षधामात शेड बांधून वर आजोबांचं नाव रंगवतील. झालं. तुम्हा लोकांना या गावाचं काही वाटतं की नाही?”

“वाटतं नं. म्हणूनच लांब राहतो,” ताई म्हणाल्या. “मी कर भरते, वेळेवर मजुरी देते, कापूस घेते. गाव चालवायला लोक निवडून द्यायचे असतात सर. ते काम आम्ही काहून अंगावर घ्यायचं?”

“निवडून दिलेले होते कुठे? २०१६ साली निवडून आलेल्या नगरपालिकांची मुदत संपली आणि पुढे कित्येक वर्षं प्रशासक. नळाला पाणी आलं नाही तर विचारायला वॉर्डात माणूस नाही. त्या काळात व्यापारी संघटनेने एकदा तरी म्हटलं का, की निवडणूक घ्या?”

“आम्ही शटर खाली ओढतो. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय हिंगणघाटलाच व्हावं म्हणून गाव रस्त्यावर आलं, तेव्हा कोणी मागे राहिलं का?”

“तेवढंच येतं तुम्हाला. शटर ओढणं.”

हा टोला मला आवडला, कारण तो खरा आहे. आपल्याकडच्या बाजारपेठांचं राजकारण बहुतेक वेळा बंद पाळण्यापुरतं असतं. पण ताई रागावल्या नाहीत. त्यांनी सरांना सरळ विचारलं, की शेटजींनी नेमकं असं काय केलं जे त्यांनी करावं असं सरांना वाटतं? देणग्यांची यादी वाचू नका, ती शाळेत पाठ झाली आहे.

सरांनी यादी वाचली नाही. ते एका चिठ्ठीपासून सुरू झाले. सीकरजवळच्या काशी का बास या खेड्यातून वर्ध्याच्या बच्छराज शेटांच्या घरी नातू म्हणून दत्तक आलेला मुलगा. सतरा वर्षांचा असताना आजोबा रागाच्या भरात पैशावरून काहीतरी टाकून बोलले. मुलाने चिठ्ठी लिहिली, की तुमच्या संपत्तीवर माझा हक्क नाही, आणि घर सोडून निघाला. आजोबांनी समजूत घालून परत आणलं. “पुढचं सगळं त्या चिठ्ठीत आहे,” सर म्हणाले. “सरकारने रायबहादूर केलं, मानद दंडाधिकारी केलं. १९२० च्या डिसेंबरात नागपूरला काँग्रेस भरली, त्या अधिवेशनाचे हे स्वागताध्यक्ष. असहकार सुरू झाला आणि १९२१ मध्ये पदवी परत. वकिली सोडणाऱ्यांच्या घरची चूल पेटती राहावी म्हणून एक लाख रुपये दिले. त्या वेळचा लाख! पण मी लाखाला महत्त्व देत नाही. इंग्रज कलेक्टरकडे बसायची खुर्ची त्यांनी सोडली. कापसाच्या व्यापाऱ्याला त्या खुर्चीची किंमत काय असते ते तुला सांगायला नको.”

“नको.”

“१९२३ चा नागपूरचा झेंडा सत्याग्रह. शेटजी तुरुंगात, वर दंड. दंड भरला नाही म्हणून मोटार जप्त झाली. तर नागपुरात त्या मोटारीवर बोली लावायला कुणी पुढे येईना, असं जुनी माणसं सांगत.”

“हे बरं आहे,” ताई पटकन म्हणाल्या. “या गोष्टीत मला शेटजींपेक्षा ते लोक जास्त आवडले. स्वस्तात मोटार मिळत होती आणि एकानेही हात वर केला नाही. त्यांची नावं कुठल्या रस्त्याला आहेत का?”

सर थोडे थबकले. ते उत्तर शोधतात तेव्हा चष्मा काढून पुसतात, पुसला.

ताईंचा मुद्दा पुढे उलगडत गेला तो असा. १९३४ पासून गांधीजी वर्ध्यात राहिले ते जमनालालजींच्या आग्रहावरून. अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ त्याच वर्षीच्या डिसेंबरात निघाला, त्याला जागा मिळाली ती शेटजींच्या बागेत, तीच मगनवाडी. १९३६ च्या एप्रिलअखेर गांधीजी सेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला गेले, त्या गावाची बरीचशी मालकी शेटजींकडे. काँग्रेस कार्यसमितीचे पुढारी उतरायचे ते बजाजवाडीत. विनोबांनी १९३८ मध्ये पवनारला बस्तान हलवलं, तेही धाम नदीकाठच्या शेटजींच्याच बंगल्यात. “देशाची राजधानी झाली म्हणतात वर्धा,” ताई म्हणाल्या, “पण तिचा सातबारा एकाच माणसाच्या नावावर होता. त्या काळात वर्ध्याच्या नगरपालिकेने काय ठरवलं, हे तुम्ही मला कधी शिकवलं नाही. काहून? कारण गावाला विचारायची गरजच पडली नाही. मालक चांगला निघाला, आपलं नशीब. वाईट निघाला असता तर?”

इथे मला वाटलं होतं की सर गांधीजींच्या विश्वस्त-कल्पनेवर व्याख्यान देतील. त्यांनी ते दिलं नाही. त्यांनी लक्ष्मीनारायणाच्या देवळाची गोष्ट काढली, आणि माझ्या मते साऱ्या वादाचा पेच त्या देवळात आहे.

बच्छराजांनी बांधलेलं मंदिर. भर वस्तीत, संगमरवरी, व्यापारी समाजाच्या प्रतिष्ठेचं. जुलै १९२८ मध्ये विश्वस्तांनी ठराव केला आणि ते अस्पृश्य मानल्या गेलेल्या लोकांना खुलं झालं. देशात असं करणाऱ्या पहिल्या मंदिरांपैकी ते एक. पुण्याचा पर्वती सत्याग्रह १९२९ चा, नाशिकचा काळाराम १९३० चा. त्या दोन्ही ठिकाणी दार ठोठावणाऱ्यांवर दगड पडले आणि दारं बंदच राहिली. वर्ध्यात विनोबांसारखा माणूस सोबत होता, जमनालालजींनी जातीतल्या लोकांचे शिव्याशाप आणि बहिष्काराच्या धमक्या झेलल्या, आणि दार उघडलं.

“आता सांग,” सर म्हणाले, “गावाचं मत घेतलं असतं तर काय झालं असतं? १९२८ साली. घे मतदान.”

“बंद राहिलं असतं.”

“मग?”

“मग काय? किल्ली त्यांच्याकडे होती म्हणून उघडलं. कुणाच्या हाती किल्ली असली की चांगलं होतं, हे मी मान्य करते सर. भीती त्याचीच वाटते. काळारामाच्या दारात जे उभे होते त्यांच्याकडे किल्ली नव्हती, तरी ते उभे राहिले. वर्ध्यात दार उघडणाऱ्याचं नाव राहिलं. आत पाऊल टाकणारा पहिला माणूस कोण, ते कोणी सांगतं का?”

सरांचं म्हणणं, की ताई अन्याय करते आहे. माणसाच्या हातात जे असतं तेच तो पणाला लावू शकतो. दलितांच्या हाती आपलं शरीर होतं, ते त्यांनी लावलं. शेटजींच्या हाती किल्ली होती आणि जातीतली पत होती. किल्ली फिरवायला कष्ट पडत नाहीत. पत घालवायला पडतात. मारवाडी व्यापाऱ्याचा सगळा व्यवहार त्या काळी जातीच्या विश्वासावर चाले: हुंड्या, उधारी, मुलामुलींची लग्नं. तो विश्वास देवळाच्या पायरीवर ठेवणं ही देणगी नव्हे. “आज तुमचे उद्योगपती काय पणाला लावतात?” त्यांनी विचारलं. “दोन टक्के?”

दोन टक्के म्हणजे कंपनी कायद्यातलं ते कलम. २०१३ चा कायदा, १ एप्रिल २०१४ पासून अंमल. ज्या कंपनीचा निव्वळ नफा पाच कोटी किंवा उलाढाल हजार कोटी किंवा नक्त मूल्य पाचशे कोटी, तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के समाजासाठी खर्चायचे, आणि त्यात कारखान्याच्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यायचं. ताईंचं जिनिंग या कलमात बसत नाही. पण त्यांना कायदा पसंत आहे. “लेखी आहे, मोजता येतं, ताळेबंदात दिसतं. शेटजींची मर्जी लागत नाही.”

“आणि गावाची?” सर म्हणाले. “कुठे तलाव खोदायचा, कुठल्या शाळेला संगणक द्यायचे, हे कंपनीची समिती ठरवते. ती बसते मुंबईत. शेटजी निदान गावात राहत. त्यांच्या दारात जाऊन भांडता येत होतं.”

हा घाव ताईंना लागला असावा, कारण त्यांनी विषय बदलला, किंवा बदलल्यासारखं केलं. त्या म्हणाल्या, तुम्ही शेटजींच्या गावात राहण्याचं बोलता, मग त्यांच्यानंतरचं बोला. बजाजांच्या स्कूटरचा कारखाना आकुर्डीला निघाला, पुढचा औरंगाबादजवळ वाळूजला. पिंपरी-चिंचवडचा पोरगा कारखान्यात लागला आणि वर्ध्याच्या पोराला काय मिळालं? आश्रम, संग्रहालय, कॉलेजं. “वर्ध्याचा पोरगा बी.कॉम. होऊन पुण्याला जातो. हे पुढारपण?”

मला हे बोलणं निम्मं पटतं. कारखाना कुठे काढायचा हे बंदर, बाजार आणि सरकारी परवाने ठरवतात, आजोबांची आठवण ठरवत नाही. आणि कोळसा-कापसाच्या पट्ट्यातून उद्योग पश्चिमेकडे का सरकले ही विदर्भाची मोठी कहाणी आहे, ती एका घराण्याच्या माथी मारून भागणार नाही. शिवाय सरांनी लगेच उलट हिशेब मांडला. हिंगणघाटला १८८१ साली कापडगिरणी निघाली. पुलगावला निघाली, तिच्या भोंग्यावर गाव उठायचं. पुलगावची गिरणी बंद पडून वर्षं झाली. आणि जमनालालजी व श्रीकृष्णदास जाजूंनी १९१४ साली उभं केलेलं शिक्षा मंडळ? १९४० चं वाणिज्य महाविद्यालय चालू आहे, १९६२ चं विज्ञान महाविद्यालय चालू आहे, २०१७ मध्ये अभियांत्रिकीचं निघालं. “गिरणी नफ्यावर जगते, नफा संपला की मरते. १९३७ च्या ऑक्टोबरात मारवाडी शाळेचा रौप्यमहोत्सव होता. इतर गावांत अशा वेळी हारतुरे आणि श्रीखंड. इथे त्या निमित्ताने देशभरातले शिक्षणवाले बोलावले, गांधीजी अध्यक्ष, आणि झाकीर हुसेन समिती नेमली गेली. नई तालीम एका व्यापारी संस्थेच्या वाढदिवसातून निघाली. रौप्यमहोत्सवाचा असा खर्च तुझ्या संघटनेने कधी केला?”

“नाही केला,” ताई हसल्या. “आम्ही ऑर्केस्ट्रा आणला होता.”

मग त्यांनी हुकमाचं पान टाकलं. ११ फेब्रुवारी १९४२ ला जमनालालजी गेले, वय अवघं ५२. काही दिवसांतच गांधीजींनी त्यांच्या मित्रांना वर्ध्यात बोलावलं. कशासाठी? शेटजींनी एकट्याने उचललेली कामं आता कोण कोण वाटून घेणार, हे ठरवायला. गोसेवा, खादी, ग्रामोद्योग, हिंदी, स्त्रीशिक्षण, संस्थानी प्रजेचं काम. “सर, ती बैठक मला फार महत्त्वाची वाटते. एक माणूस गेला आणि यादी करावी लागली. गांधीजींनाही कळलं होतं की एवढं एका खांद्यावर ठेवून चूक झाली. तुम्ही पुन्हा तोच खांदा शोधताय.”

सर गप्प राहिले, आणि त्यांचं गप्प राहणं प्रामाणिक होतं. मग म्हणाले, की वाटून घ्यायला निदान माणसं आली होती. जानकीदेवींनी गोसेवा उचलली, इतरांनी इतर. पुढारी तो, ज्याच्या मागे बैठक भरवता येते.

जमशेदपूरचं उदाहरण मग ताईंनीच काढलं. टाटांच्या त्या शहरात पाणी, रस्ते, कचरा कंपनीची संस्था बघते, आणि बघते उत्तम. पण गावाच्या त्या भागात लोकांनी निवडलेली नगरपालिका नाही. तिथले लोक नळाला तोंड लावून पाणी पितात आणि मत कुठे द्यायचं ते विचारतात, असं त्यांचं म्हणणं. सरांनी ते ऐकून घेतलं, आणि मला वाटतं पहिल्यांदाच त्यांनी आपली मागणी बदलली. शेटजी नकोत, म्हणाले. खुर्ची हवी. कायद्यातच आहे: नगरपरिषदेत स्वीकृत सदस्य घेता येतात, निवडून आलेल्यांच्या दहा टक्के किंवा पाच, यांतला लहान आकडा. हेतू असा, की डॉक्टर, वकील, अभियंते, लेखापाल, संस्था चालवणारे अशा जाणत्या माणसांचा उपयोग व्हावा. त्या जागांवर कोण बसतं?

“पडलेला उमेदवार. नाहीतर रुसलेला कार्यकर्ता.”

“मग त्या जागा मागायला तुम्ही का जात नाही?”

“कोणत्या तरी पक्षाच्या दारातून जावं लागतं म्हणून. सहा महिने एका पक्षाच्या स्वीकृत यादीत राहा, दुसऱ्याचं सरकार आलं की तुमच्या गोदामाची तपासणी. तुम्ही पगारावर होता सर.”

हे वाक्य कठोर होतं. तरी त्यात या प्रश्नाचं असं उत्तर आहे जे भाषणांत कुणी देत नाही. छोट्या शहरातला व्यापारी सार्वजनिक कामापासून दूर राहतो त्याचं कारण दरवेळी स्वार्थ नसतं, बहुतेकदा भीती असते: परवान्याची, तपासणीची, उधारी बुडण्याची. १९२१ साली पदवी परत करणारे जमनालालजी घाबरले नाहीत, कारण त्यांच्याकडे गमावून उरेल एवढं होतं. दुकान बंद ठेवलं तर आठवडाभरात बँकेचा फोन येतो, अशा माणसाकडून तेच धैर्य मागताना जरा सांभाळून मागावं.

वर्ध्यात भीती न बाळगता काम करणारी मंडळी कुठे दिसतात, यावर मात्र दोघांचं चटकन जमलं. हनुमान टेकडीवर डॉक्टरांच्या वैद्यकीय जागृती मंचाने झाडं लावली, जगवली. सकाळी फिरायला जाणारेही हाताने पाणी घालतात. सेवाग्राम रस्ता रुंद करताना २०२० साली जुनी झाडं तुटायला लागली तेव्हा नागरिक आडवे आले. दोन्ही ठिकाणी मोठं नाव नव्हतं. “पण व्यापारी?” सरांनी पिच्छा सोडला नाही. “तुमची खुर्ची कुठे आहे?”

“आहे एक,” ताई म्हणाल्या. “बाजार समिती. अठरा जणांचं मंडळ. शेतकऱ्यांचे प्रतिनिधी पंधरा, अडते-व्यापाऱ्यांचे दोन, हमाल-मापाऱ्यांचा एक. मला यापेक्षा चांगली रचना माहीत नाही. शेतकरी जास्त, आम्ही कमी, हमाल समोर बसलेला.”

“आणि पॅनेलं, पैसे, सोसायट्यांचे ठराव, मतदारांच्या सहली?”

“ते आहेच. पण रचना चांगली आहे.”

सरांनी इथे एक गोष्ट बोलून दाखवली जी ते वर्गात कधी बोलले नसतील. २००६ च्या जुलैत पंतप्रधान आले आणि शेतकरी आत्महत्यांच्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशिम यांच्या रांगेत वर्धा. गांधीजींचा जिल्हा, ग्रामोद्योगाचा जिल्हा. “त्या वर्षी मी विद्यार्थ्यांना विश्वस्त-कल्पना शिकवत होतो,” ते म्हणाले, “आणि मागच्या बाकावरचा मुलगा कापूस विकून आलेल्या बापाची पट्टी खिशात घेऊन बसला होता. कटती वजा जाऊन हातात काय आलं, ते त्याने मला दाखवलं. मी पुढचं शिकवू शकलो नाही.”

ताई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग त्या म्हणाल्या, की व्यापाऱ्याच्या पुढारपणावर त्यांचं मत विचारायचं तर ते एवढंच आहे. शाळा, तलाव, स्मशानशेड नंतर. आधी काटा. सरकारी कापूस महामंडळ, म्हणजे सीसीआय, आठ टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण हमीभाव देतं, बारापर्यंत टक्क्यामागे कापतं, त्यापुढे घेत नाही. निदान नियम भिंतीवर असतो. खाजगी जिनिंगमध्ये गाडी आत आली की ओलावा मोजायचं यंत्र खुपसायचं कुठल्या पोत्यात, हे ग्रेडर ठरवतो. “मी फाटकाशी फलक लावणार आहे. रोज. गाडी नंबर, ओलावा किती, कापले किती, का कापले.”

“बाकीचे जिनिंगवाले?”

“शिव्या देतील. वडील पण देतील.”

“ग्रेडर तुझाच. फलकही तुझाच.” सरांनी पुन्हा चष्मा काढला. “त्यावर खोटं लिहिलं तर पकडणार कोण? इतका वेळ तू मला हेच विचारत होतीस ना, किल्लीवाला वाईट निघाला तर?”

“हमाल पकडेल. कोणत्या पोत्यात यंत्र गेलं ते त्याने पाहिलेलं असतं. संध्याकाळी फलकावर सही त्याची घेईन, माझी नाही.”

“आणि तो तुझ्या पगारावर नाही, असं तू म्हणू शकतेस?”

“नाही म्हणू शकत,” ताई म्हणाल्या. “म्हणून समितीवरचा हमालांचा सदस्य आठवड्यातून एकदा येऊन तपासून जाईल का, ते विचारायला उद्या जायचं आहे. तुम्ही येता का सोबत? तुमच्या शब्दाला ते जास्त ऐकतील.”